गेम तिकडे, पडदा इकडे

“लिनक्स टाकलंस होय? मग गेम कशावर खेळतोस?”

होस्टेलवर लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न टर्ममध्ये चार-पाच वेळा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर भाव असा, की बिचाऱ्याने मेस सोडून रूमवर स्टोव्ह पेटवलाय. या प्रश्नाला आज तीन उत्तरं आहेत. गेमची लिनक्स आवृत्ती असेल तर ती खेळावी. नसेल तर विंडोजचा गेम प्रोटॉनमधून चालवावा. वाइन या जुन्या प्रकल्पावर उभारलेलं हे साधन व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीममध्ये आणलं आणि तेव्हापासून चित्र खूपच पालटलं. तिसरं उत्तर म्हणजे गेम आपल्या मशीनवर चालवायचाच नाही. हा लेख त्या तिसऱ्या उत्तराबद्दल आहे.

त्याची गरज का पडते? एक तर आपल्यापैकी बहुतेकांच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. असाइनमेंट आणि पिक्चर यांपलीकडे त्याची झेप नाही. दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. ऑनलाइन गेममध्ये लबाडी पकडणारी सॉफ्टवेअर कर्नलपर्यंत आत घुसून नजर ठेवतात. लिनक्सवर कर्नल वापरणाऱ्याच्या ताब्यात असतो आणि या कंपन्यांना नेमकं तेच नको असतं. ‘एपेक्स लेजेंड्स’ हा गेम लिनक्सवर व्यवस्थित चालत होता. ३१ ऑक्टोबर २०२४ ला कंपनीने लिनक्सवाल्यांना दार बंद केलं. गेम चालत नव्हता म्हणून नव्हे, तर लबाडी करणारे लिनक्सच्या आडोशाने येतात म्हणून. म्हणजे दोन पोरांनी कॉपी केली आणि सगळ्या बॅचचा पेपर रद्द!

क्लाउड गेमिंगची कल्पना एका वाक्यात सांगता येते. गेम कंपनीच्या डेटा सेंटरमधल्या मशीनवर चालतो, तिथलं चित्र व्हिडिओ होऊन आपल्याकडे येतं आणि आपण दाबलेलं बटण उलट्या दिशेने तिकडे जातं. आपला लॅपटॉप म्हणजे फक्त टीव्ही आणि रिमोट. टीव्हीवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे, हे कोण विचारतंय? कर्नल तिकडचा, ग्राफिक्स कार्ड तिकडचं, लबाडी पकडणाराही तिकडचाच. लिनक्सवाल्याच्या दोन्ही अडचणी एका फटक्यात गेल्या.

मग “यूट्यूबसारखंच ना?” असं कुणीही म्हणेल. तसं नाही, आणि अभ्यासाचा भाग इथूनच सुरू होतो. यूट्यूब पुढचे काही सेकंद आधीच आणून साठवून ठेवतं, त्यामुळे नेट मध्येच अडखळलं तरी आपल्याला कळत नाही. गेममध्ये पुढचा सेकंद अजून घडलेलाच नसतो, मग तो साठवणार कुठून?

आधी आकार बघू. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकी २४ बिट, सेकंदाला ६० चित्रं. गुणाकार केला तर सेकंदाला जवळजवळ ३ गिगाबिट होतात. एवढं नेट आपल्याला कुणी देणार नाही. समजा, २० मेगाबिटमध्ये भागवायचं ठरवलं, तर दीडशेला एक इतकं दाबावं लागतं. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सुमारे ४२ किलोबाइट येतात. तासभर खेळलात तर ९ जीबी संपतात. मोबाइलच्या डेटा पॅकवर हा प्रयोग करू नये, एवढं त्यावरून कळलंच असेल.

इमेज प्रोसेसिंग घेतलेल्यांसाठी एक पुस्ती. सिनेमाचा व्हिडिओ दाबताना बी-फ्रेम वापरतात, म्हणजे मागचं आणि पुढचं अशी दोन्ही चित्रं पाहून मधलं चित्र बांधतात. गेममध्ये पुढच्या चित्रासाठी थांबणं परवडत नाही, म्हणून तिथे बी-फ्रेम सहसा वापरत नाहीत आणि तेवढी बचत सोडून द्यावी लागते. तसंच पॅकेट टीसीपीऐवजी यूडीपीवरून पाठवतात. हरवलेलं पॅकेट टीसीपी इमानदारीने पुन्हा मागवतं. पण ते येईपर्यंत पुढची चार चित्रं तयार झालेली असतात आणि शिळं चित्र काही कामाचं नसतं. व्हायव्हात “यूडीपी अविश्वासार्ह आहे, मग वापरतात कशाला?” असं विचारलं तर हे उदाहरण द्या. सर खूश होतील.

आता वेळ. ६० चित्रांच्या हिशेबाने एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं. बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंत काय काय होतं ते ढोबळमानाने मांडतो. साधा माउस सेकंदाला १२५ वेळा विचारला जातो, म्हणून सरासरी ४ मिलिसेकंद. गेम पुढच्या चित्राच्या वेळी बटणाची दखल घेतो, त्यात सरासरी अर्धं चित्र म्हणजे ८. चित्र बनवायला १७. तयार चित्र पडद्यावर चढण्याआधी पुन्हा सरासरी ८. झाले ३७. पण हे ३७ तर घरच्या मशीनवर खेळतानाही जातात! स्ट्रीमिंगमुळे यात भर पडते ती व्हिडिओ दाबण्याची आणि उलगडण्याची (दोन्हीला मिळून १० धरा) आणि नेटवर जाऊन येण्याची. पहिल्या दोन गोष्टी हार्डवेअरने कमी होतात. तिसरीला मात्र इलाज नाही, कारण तिथे भौतिकशास्त्र आडवं येतं.

काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. सर्व्हर मुंबईत आणि आपण पुण्यात असलो, तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंदही लागत नाही. सर्व्हर सिंगापूरला असेल तर सरळ रेषेतलं अंतर ३,९०० किलोमीटर, जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद. फ्रँकफर्टला असेल तर ६,५०० किलोमीटर आणि ६५ मिलिसेकंद, म्हणजे चार चित्रं वाटेतच गेली. आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते, शिवाय मधले राउटर असतातच. त्यामुळे पिंग करून पाहिल्यावर दिसणारा आकडा याहून बराच मोठा असतो. कंपनीची जाहिरात कितीही रंगीत असो, तिचं डेटा सेंटर कुठे आहे हा पहिला प्रश्न. मायक्रोसॉफ्टने आपली एक्सबॉक्सची क्लाउड सेवा भारतात नोव्हेंबर २०२५ मध्ये आणली. तोवर आपल्याकडचे हौशी लोक परदेशातल्या सर्व्हरवर अशी चार-चार चित्रं गमावतच खेळत होते.

तरी माझ्या मते होस्टेलवर खरा खलनायक अंतर नाही, तर रांग आहे. राउटरपाशी १ मेगाबाइटची रांग मावते आणि पुढची लाइन १० मेगाबिटची आहे असं धरा. शेजारच्या रूममध्ये कुणी सिनेमाचं डाउनलोड लावलं की ती रांग भरते आणि तुमच्या गेमचं पॅकेट तिच्या शेपटाला उभं राहतं. ८ मेगाबिट भागिले १०, म्हणजे ०.८ सेकंद! मेसमध्ये तुम्हाला फक्त एक लिंबू हवं असतं, पण पुढे चाळीस जण ताट घेऊन उभे असतात, तसं. यावर एफक्यू-कोडेल नावाचा उपाय आहे. तो प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी करतो आणि पॅकेट फार वेळ ताटकळलं तर टाकून देतो. लिनक्स कर्नलमध्ये तो २०१२ पासून आहे. पण तो आपल्या लॅपटॉपवर असून भागत नाही. जिथे रांग लागते त्या राउटरवर हवा, आणि त्या खोलीची किल्ली आपल्याकडे नसते.

वाय-फाय ही त्याचीच धाकटी बहीण. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. रात्री दहाला एका मजल्यावर किती जण बोलत असतात ते मोजा. म्हणून सरासरी पिंगवर भरवसा ठेवू नका. सरासरी २० मिलिसेकंद असली आणि मधूनच एखादं पॅकेट १२० ला आलं, तर त्या क्षणी सहा चित्रं गेली. सगळ्यात वाईट आकडा काय, तो बघायचा. शक्य असेल तर केबल लावायची.

लिनक्सची अशी खास अडचण एकच उरते, ती व्हिडिओ उलगडण्याची. हे काम ग्राफिक्स चिपने करायचं असतं. लिनक्सवरच्या क्रोममध्ये ही सोय वर्षानुवर्षं मुळात बंदच असायची. मग सगळा भार प्रोसेसरवर, पंखा जेट विमानासारखा आणि चित्र अडखळत. टर्मिनलवर ‘व्हीएइन्फो’ ही कमांड दिली की आपली चिप कोणते कोडेक उलगडते ते दिसतं. इंटेलच्या २०११ च्या चिपलाही एच-२६४ जमतो, एव्ही-१ मात्र साधारण २०२० नंतरच्यांनाच जमतो. जुन्या लॅपटॉपवाल्याने सेटिंगमध्ये मुकाट एच-२६४ निवडावा.

कंपन्यांचा लिनक्सकडे पाहण्याचा दृष्टिकोनही हळूहळू बदलला. एनव्हिडियाची जीफोर्स नाउ फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वांसाठी खुली झाली. नंतर ती ब्राउझरमध्ये आली तेव्हा लिनक्सवाले ब्राउझरकरवी “मी क्रोमबुक आहे” असं खोटं बोलून आत शिरायचे. मार्च २०२२ मध्ये तर मायक्रोसॉफ्टने स्वतःच, स्टीम डेकवर, म्हणजे लिनक्सवर, एज ब्राउझर टाकून एक्सबॉक्सचे गेम कसे खेळावेत याची कृती प्रसिद्ध केली. एनव्हिडियाने मे २०२५ मध्ये स्टीम डेकसाठी स्वतंत्र ॲप दिलं आणि जानेवारी २०२६ मध्ये उबुंटूपासून सुरुवात करून डेस्कटॉप लिनक्ससाठीही ते जाहीर केलं. मागच्या दाराने येणाऱ्यांना अखेर पुढचं दार उघडलं.

इतकं सगळं छान, तरी मला एक गोष्ट खटकते. आपण लिनक्स घेतला तो मशीन आपल्या ताब्यात राहावं म्हणून. आणि इथे गेम ज्या मशीनवर चालतो ते आपण डोळ्यांनी पाहिलेलंही नाही. ऑनलाइव्ह ही या क्षेत्रातली सुरुवातीची सेवा. ती २०१० मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि ३० एप्रिल २०१५ ला बंद पडली. तिथे विकत घेतलेले गेम तिच्याबरोबरच गेले. गूगलची स्टेडिया १९ नोव्हेंबर २०१९ ला आली आणि १८ जानेवारी २०२३ ला मिटली. गूगलने पैसे परत केले, हे मान्य. पण स्टेडियाची गोष्ट लिनक्सवाल्याला जास्त लागते, कारण तिचे सर्व्हर डेबियन लिनक्सवर चालत. किती तरी मोठे गेम कंपन्यांनी खास त्यासाठी लिनक्सवर आणले होते. सेवा बंद झाली तेव्हा ते काम आपल्या डेस्कटॉपवर आलं का? नाही. ते सगळं स्टेडियाच्या स्वतःच्या साधनांना बांधलेलं होतं आणि डेटा सेंटरच्या भिंतीबाहेर कधी आलंच नाही. लिनक्स चालत होता, पण आपल्यासाठी नव्हता.

जीफोर्स नाउवर तर गेम तुमचाच असतो, तुम्ही स्टीमवर विकत घेतलेला. तरीही २०२० मध्ये सेवा खुली होताच काही दिवसांत ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डने आपले गेम तिथून काढून घेतले, पाठोपाठ बेथेस्डाने आणि टूकेनेही. तुमचा गेम, तुमचे पैसे, पण भाड्याच्या मशीनवर तो चालवायचा की नाही हे तिसराच ठरवणार.

म्हणून मला यातला सगळ्यात आवडलेला भाग कंपन्यांचा नाही, विद्यार्थ्यांचा आहे. एनव्हिडियाने आपल्या कार्डमध्ये घरातल्या घरात गेम स्ट्रीम करण्याची सोय दिली होती, पण ती तिच्याच उपकरणांपुरती. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या केस वेस्टर्न विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी एमहॅक्स या हॅकेथॉनमध्ये तो प्रोटोकॉल उलगडून आपला क्लायंट लिहायला घेतला. तोच आजचा मूनलाइट. पुढे एनव्हिडियाने आपली ती सोय बंद करत असल्याचं डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं. एव्हाना पलीकडची बाजू सांभाळणारा सनशाइन हा मुक्त सर्व्हर तयार होता. कंपनी बाजूला झाली आणि तरी गाडी थांबली नाही. दोन्ही प्रकल्प जीपीएलखाली आहेत, सोर्स उघडून वाचता येतो. हरवलेली पॅकेट रीड-सॉलोमन कोडने कशी भरून काढतात ते मूनलाइटमध्ये प्रत्यक्ष बघायला मिळतं. थिअरीच्या पेपरात आठ मार्कांना येणारी गोष्ट तिथे रोज काम करत असते.

होस्टेलवर करायचं एवढंच. मजल्यावर एखाद्याकडे ग्राफिक्स कार्डवालं मशीन असतंच. त्यावर सनशाइन टाकायचं, लिनक्सवरही चालतं. आपल्या लॅपटॉपवर मूनलाइट. दोन्ही एकाच स्विचला केबलने जोडलेली असली तर जाऊन-येऊन वेळ एका मिलिसेकंदाच्या आसपास येतो आणि कॉलेजच्या इंटरनेटचा एक बाइटही खर्च होत नाही. वाय-फायवर दोन मशीन एकमेकांना दिसतच नसतील, तर ॲक्सेस पॉइंटवर क्लायंट आयसोलेशन लावलेलं असू शकतं. ते सुरक्षेसाठी असतं, तेव्हा सर्व्हर रूमच्या सरांना भेटून विचारावं, स्वतः उचापती करू नयेत. मूनलाइटमध्ये कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एस एकदम दाबलं की डिकोड किती, नेटवर्क किती, हे आकडे पडद्यावर येतात.

एकूण उशीर मोजायचा तर मोबाइलचा स्लो मोशन पुरे. सेकंदाला २४० चित्रं घेणारा कॅमेरा असेल तर कीबोर्ड आणि पडदा एकाच चौकटीत धरून शूट करायचं आणि बटण खाली गेल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंत चित्रं मोजायची. २४ चित्रं म्हणजे १०० मिलिसेकंद. केबल, वाय-फाय, दुपारी दोन, रात्री दहा, शेजारी डाउनलोड चालू आणि बंद, असा तक्ता केला तर मिनी प्रोजेक्टचा पहिला चॅप्टर आयता तयार होतो.

एक अडचण मात्र सनशाइनलाही सुटत नाही. सबमिशनच्या आठवड्यात ग्राफिक्स कार्डवाला स्वतःचं मशीन बंद ठेवणार. पण तो शेजारच्या रूममध्ये राहतो, दार वाजवता येतं.