‘रिदम’ आणि ‘टेम्पो’

इ. स. २००० पासून महाराष्ट्रात इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. इंग्रजी बालगीते म्हणवून घेताना ‘रिदम’ व ‘टेम्पो’ हे दोन शब्द शिक्षकांसमोर येतात आणि दोहोंचा अर्थ बहुधा ‘लय’ असाच सांगितला जातो. घाईने म्हणणाऱ्या मुलास ‘तुझी लय चुकली’ असे म्हटले, तर चूक गतीची की आघातांची, हे त्यास उमगत नाही. पुढे ते गाण्यासच भिऊ लागते.

संत नामदेवांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या नर्सीच्या परिसरात भजन कानी न पडलेले मूल विरळाच. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो. अभंगाच्या आरंभी टाळ-मृदंग सावकाश चालतात. रंग चढतो तसतसे हात जलद पडू लागतात आणि शेवटी तर टाळांचा एकच कल्लोळ होतो. परंतु मात्रा आठच राहतात, जोरही ठरल्या जागीच पडतो. जे पालटले तो टेम्पो. जे कायम राहिले तो रिदम.

आपल्या संगीतशास्त्रात विलंबित, मध्य व द्रुत हे लयीचे भेद आहेत. म्हणजे शास्त्रातील लय टेम्पोस जवळची. ‘लयबद्ध’ म्हणताना मात्र मनात रिदम असतो. घोटाळ्याचे मूळ हेच. वर्गात रिदमसाठी ‘ठेका’ हा शब्द योजावा. तो तंतोतंत नसला तरी मुलांच्या ओळखीचा आहे.

‘टेम्पो’ म्हणताच मुलांस मालवाहू गाडी आठवेल. त्यात त्यांचा दोष नाही. ते नाव मूळचे एका जर्मन बनावटीच्या गाडीचे असून १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीमुळे इकडे रूढ झाले. संगीतातील शब्द इटालियन, अर्थ ‘काळ’.

टेम्पो घड्याळाने मोजता येतो. राष्ट्रगीताच्या पूर्ण गायनास सुमारे ५२ सेकंद लागावेत, असा शासकीय संकेत आहे. आघात बिनचूक असूनही ७० सेकंद लागले, तर टेम्पो रेंगाळला. ५२ सेकंदांत आटोपले पण आघात भलतीकडे पडले, तर रिदम बिघडला. सेकंदकाट्याकडे पाहून प्रथम सेकंदास एक व नंतर दोन टाळ्या देत एकच ओळ म्हणवून घ्यावी. दुसऱ्या खेपेस काय बदलले, हे मुलांनाच विचारावे.