बंड कुणाच्या जिवावर?

चि. निरंजन यास,


तुझं पत्र वाचलं. ‘हड’ हा सिनेमा पाहून तू भारावलास, हड झालेल्या पॉल न्यूमनचं पोस्टर खोलीत लावलंस, याचा मला आनंदच आहे. सिनेमा शिकणाऱ्या मुलाने तो पाहायलाच हवा. पण ‘कुणालाही न जुमानता जगावं तर हडसारखं’ हे तुझं वाक्य मनात अडकून राहिलं, म्हणून हे पत्र.

हड आवडला यात तुझं काही चुकलं नाही. १९६३ साली चित्रपट आला तेव्हा अमेरिकेतल्या पोरांचंही हेच झालं होतं. दिग्दर्शक मार्टिन रिट आणि न्यूमन यांना वरून मोहक आणि आतून पोकळ असा माणूस दाखवायचा होता. तरुणांनी त्यालाच डोक्यावर घेतलं आणि करणारे चकित झाले. न्यूमनचं ते रूप, ती बेफिकीर चाल, जेम्स वाँग हाउच्या कॅमेऱ्यातलं टेक्सासचं उघडंबोडकं आभाळ! माणूस भुलणारच. पण तू त्याला बंडखोर म्हणतोस, तेव्हा मला विचारावंसं वाटतं: त्याचं बंड नेमकं कशाविरुद्ध आहे?

गुरांचा प्रसंग आठव. हडचा म्हातारा बाप होमर बॅनन मेक्सिकोहून गुरं आणतो आणि कळपात लाळ्या-खुरकूत शिरल्याचा संशय येतो. आपल्याकडे या रोगावर लस टोचतात, आजारी जनावराची शुश्रूषा करतात. तिथला कायदा मात्र कडक: रोग ठरला की अख्खा कळप मारायचा. हड म्हणतो, निकाल यायच्या आत गुरं विकून टाकू. म्हणजे रोग शेजाऱ्यांच्या गोठ्यात गेला तरी चालेल, आपले पैसे सुटले पाहिजेत. होमर नाही म्हणतो. जन्मभर जोपासलेला कळप तो डोळ्यांदेखत खड्ड्यात लोटू देतो आणि वरून बंदुका चालतात. त्याने हौसेने सांभाळलेली लाँगहॉर्न जातीची दोन गुरं उरतात. त्यांना तो स्वतःच्या हाताने गोळी घालतो. जमिनीत तेलासाठी भोकं पाडून मिळणारा पैसाही त्याला नको असतो. सगळा मुलूख पैशामागे धावत असताना नुकसान सोसून ‘नाही’ म्हणणारा हा म्हातारा मला हडपेक्षा कितीतरी मोठा बंडखोर वाटतो. हडला तर तीच जमीन हवी असते, तेही बापाला वेडा ठरवून.

होमर देवमाणूस आहे असं मी म्हणत नाही. थोरल्या मुलाच्या मृत्यूच्या कितीतरी आधीच त्याने धाकट्या हडला मनातून काढून टाकलं होतं, आणि तो कोरडेपणा हडमध्ये उतरलेला दिसतो. त्याबद्दल हडची कीव यावी. कौतुक कशाला?

आणि अल्मा. तुझ्या एवढ्या लांब पत्रात तिचं नावसुद्धा नाही, याचं मला वाईट वाटलं. घर सांभाळणारी, थकलेली, तरी विनोदबुद्धी शाबूत असलेली बाई. पॅट्रिशिया नीलला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं ते उगीच नाही. हडबद्दल तिला ओढ वाटते, तो मात्र दारूच्या नशेत तिच्यावर जबरदस्ती करायला जातो आणि हडचा पुतण्या लॉन मध्ये पडतो म्हणून ती वाचते. दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून जाते कोण? अल्मा. हड तिथेच राहतो. लॉनच्या डोक्यावरचं बापाचं, म्हणजे हडच्या थोरल्या भावाचं, छत्र गेलं तेही हड दारू पिऊन गाडी चालवत होता म्हणून. त्याच्या प्रत्येक मनमानीचं बिल दुसऱ्याच कुणाच्या तरी नावे फाटतं. तो मनात येईल ते तोंडावर बोलतो म्हणून तू त्याला प्रामाणिक म्हणालास. आपला स्वार्थ उघडपणे बोलून दाखवला म्हणून स्वार्थ धुतला जात नाही, बाळा.

चित्रपट खरा लॉनचा आहे. लॅरी मॅकमर्ट्रीची मूळ कादंबरीही तोच सांगतो. लॉनचं काम करणारा ब्रँडन डिवाइल्ड त्याआधी दहा वर्षं ‘शेन’ चित्रपटातला तो छोटा मुलगा होता, बंदूकवाल्या पाहुण्यावर जीव टाकणारा. इथेही तो काकावर तसाच भाळलेला असतो, तुझ्यासारखाच. होमर त्याला बजावतो की आपण कुणाला मोठं मानतो त्यावर मुलखाचं रूप ठरतं. आजोबा गेल्यावर हा पोरगा घर, जमीन सगळं मागे ठेवून निघतो. आपल्या वागण्याची किंमत स्वतः मोजून तो मोकळा होतो.

तू पुढे चित्रपट करशील. तुझा नायकही कुणाला जुमानणार नाही, हरकत नाही. पण त्याच्या वागण्याचा भार कोण वाहतं, हे कॅमेऱ्यातून दाखवायला विसरू नकोस. आणि स्वतः वागतानाही हा हिशोब ठेव. पोस्टर खुशाल राहू दे. या सुट्टीत ‘हड’ पुन्हा पाहा, या वेळी नजर लॉनवर आणि अल्मावर ठेव, आणि मला सविस्तर लिही.

तुझी,
आत्या