मुक्ताबाई आणि बंद ताटी

पावसाळ्यातले जव्हार तुम्ही पाहिले आहे का? डोंगरावरचे हे गाव. झड लागली की बाहेर पाऊल टाकता येत नाही. मग मुले घरात कोंडली जातात आणि त्यांची भांडणेही!

समजा, अशा संध्याकाळी तुम्ही भूगोलाच्या वहीत महाराष्ट्राचा नकाशा काढत आहात. एवढ्यात धाकटा भाऊ येतो आणि तुमच्या सह्याद्रीवर वारली चित्रातला तारपा वाजवणारा माणूस काढून ठेवतो. वर हसतोही! तुमची छाती धडधडू लागते, श्वास जलद होतो, मुठी आवळल्या जातात. तुम्ही हात उगारता, तोच अम्मी येते आणि बोलणी तुम्हालाच बसतात. कारण तुम्ही मोठे. हा अन्यायच आहे, असे मलाही वाटते.

पण धाकट्याला काय हवे होते? बहुधा तुमचे लक्ष. तुम्ही जितके ओरडाल तितकी त्याला मजा वाटेल. म्हणून आधी वही मिटा आणि पडवीत जा. सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा. श्वास संथ झाला की छातीची धडधडही कमी होते. मग परत येऊन त्याला सांगा, "माझा नकाशा खराब झाला. मला फार राग आला आहे." राग शब्दांनी सांगावा, हातांनी नव्हे. चित्रासाठी त्याला एक कोरा कागदही द्या.

कधी उलटही घडते. मोठे भावंड रुसते आणि धाकटे त्याची समजूत घालते. तेराव्या शतकातील निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही भावंडे लहानपणीच पोरकी झाली. लोक त्यांना फार छळत. एकदा लोकांच्या बोलण्याने ज्ञानदेव दुखावले. झोपडीत शिरून त्यांनी ताटी, म्हणजे बांबूचे दार, लावून घेतली, अशी कथा सांगतात. १२९० साली 'ज्ञानेश्वरी' पूर्ण करणारे तेच हे ज्ञानदेव.

मुक्ताबाई सर्वांत धाकटी. तिने दार ढकलले नाही, की रागाने निघूनही गेली नाही. ती बाहेरच थांबली. जग रागाने पेटले तरी आपण पाण्यासारखे शांत असावे, असे ती भावाला पुन्हा पुन्हा विनवत राहिली. तिची ती विनवणी 'ताटीचे अभंग' म्हणून आजही गायली जाते.

अखेर आतून ताटी उघडली.