पाऊस बदलला, गावाने काय करावे?

प्रश्न : आमच्या पारनेर तालुक्यात पूर्वी झड लागे, आता महिनाभर ओढ आणि मग एका रात्रीत बांध फोडणारा पाऊस. हा हवामानबदलच का? ग्रामपंचायतीने काय करावे?

उत्तर : एका रात्रीच्या पावसावरून निदान करणे धाडसाचे ठरेल, परंतु हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्पधारणशक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिप्पट झाल्याचे पर्जन्यनोंदींच्या अभ्यासातून आढळले आहे, हे ध्यानी घेता आपली कैफियत अस्थानी म्हणता येत नाही.

वातावरणातील कर्बवायू एका गावाने हटणार नाही, हे कबूल. पण पडलेले पाणी कोठे जावे हे ठरविण्याचा अखत्यार बव्हंशी गावाचाच असतो. आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने डोंगरउतारावर समतल चर खोदले, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी अमलात आणली, सिंचनासाठी विंधन विहिरी घेण्यास मनाई केली, आणि (माझ्या मते याचेच मोल सर्वाधिक) दरवर्षी उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून त्यानुसार पिके ठरविण्याचा परिपाठ घातला. चर खोदण्यास निधी मिळतो, छायाचित्रेही निघतात. शेजाऱ्यास ऊस लावू नको असे सांगण्यासाठी मात्र कोणतीही योजना मंजूर होत नाही.

तेव्हा शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून रोजचा पाऊस व निवडक विहिरींची पातळी वहीत नोंदवावी. आणि रब्बीच्या पेरणीपूर्वी ती ग्रामसभेपुढे ठेवून, माणसांचे व गुरांचे पाणी प्रथम वजा करून, उरेल त्यातच ज्वारी-हरभऱ्याची तजवीज करावी.