हाक आली की उठ, पण थोडंच घे

मीनू, वर्गातल्या मुलींना "येते" म्हणून मोकळी झालीस आणि आता रात्री अकरा वाजता मला विचारतेस, "ताई, तिथं नेमकं करायचं काय असतं?" असू दे. हो म्हणालीस ते बरंच केलंस. बास्क मुलखात, दोनोस्तियात शिकायला राहायचं आणि फेब्रुवारीत एकदाही सागारदोतेगीत, म्हणजे सायडरघरात, पाऊल टाकायचं नाही, हे काही बरं दिसत नाही.

आधी डोक्यातून 'बार' काढून टाक. शहरापासून थोड्याच अंतरावर अस्तिगारागा, एर्नानी, उसुर्बिल ही गावं आहेत. तिथल्या टेकड्यांवरच्या शेतघरांत सफरचंदाचं सायडर बनतं, आणि जिथं बनतं तिथंच बसून लोक जेवतात. सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत सफरचंदं गोळा होतात, चिरडून दाबली जातात, आणि रस हजारो लिटरच्या लाकडी पिंपांत आंबायला ठेवतात. या पिंपाला कुपेला म्हणतात. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंत ते थेट पिंपातून प्यायचं. उरलेलं बाटल्यांत जातं आणि वर्षभर विकलं जातं. साखर घालत नाहीत, वरून वायू भरत नाहीत. म्हणून दुकानातल्या गोड, फसफसणाऱ्या सायडरची आठवण काढत जाशील तर पहिल्या घोटाला तोंड वाकडं होईल. हे आंबट असतं, तुरट असतं, थोडं गढूळही दिसतं. मला विचारशील तर दुसऱ्या पिंपापाशी पोचेपर्यंत जीभ सरावते.

जेवणाची प्रथा कशी पडली ते ऐकून ठेव, म्हणजे तिथलं वागणं आपोआप समजेल. पूर्वी खानावळवाले आणि हौशी मंडळी वर्षाचं सायडर घ्यायला यायची. कुठल्या पिंपातलं घ्यायचं हे ठरवायला प्रत्येकातलं थोडं थोडं चाखायची. रिकाम्या पोटी किती चाखणार? म्हणून घरून खायला आणायची, तिथल्याच विस्तवावर भाजायची. पुढे शेतघरवालेच जेवण देऊ लागले. मूळ काम चाखण्याचं होतं, ढोसण्याचं नव्हतं. एवढं लक्षात ठेवलंस की अर्धी भीती गेली.

आता तुझा खरा प्रश्न. तू टेबलाशी जेवत असशील. मध्येच कुणीतरी मोठ्यानं "चोच!" म्हणून ओरडेल (दोन्ही च 'चिमणी'तले, पक्ष्याच्या चोचीतले नव्हेत). जेवण तसंच टाकून सगळे ग्लास घेऊन पिंपांच्या खोलीत जातात. तूही जा. पिंपाला खालच्या बाजूला बारीक तोटी असते. ती उघडली की सायडरची कमान करून धार लांब उडते. रांगेत उभी राहा. ग्लास तळाशी धर, खूप तिरका कर आणि धार ग्लासाच्या आतल्या भिंतीवर आदळू दे. ती फुटली पाहिजे, त्यानंच वास मोकळा होतो आणि जरा फेस येतो. मग ग्लास धारेबरोबर हळूहळू पिंपाकडे वर नेत बाजूला हो. तोवर मागच्याचा ग्लास तुझ्या खाली आलेला असतो. तोटी मध्ये बंद करत नाहीत, म्हणून रांगेत फोटो काढत थांबू नकोस. सगळं जमिनीवर जातं आणि मालकाच्या कपाळावर आठी येते.

दोन बोटं घ्यायचं, बस्स. ग्लास भरून घेणारा माणूस लांबूनच नवखा दिसतो. ते लगेच, उभ्या उभ्या प्यायचं, कारण थोड्या वेळात त्याचा जीव जातो. नाही संपलं तर तळाचं सरळ खाली ओतून टाक, त्यात काही गैर नाही. प्रत्येक पिंप वेगळं लागतं, सफरचंदांचं मिश्रण वेगळं असतं. जानेवारीतलं आणि एप्रिलमधलंही सारखं लागत नाही, कारण पिंपात ते अजून मुरत असतं.

आणि हे कानात सांगते. सायडरला किंमत नाही, म्हणजे जेवणाच्या पैशात हवं तेवढं मिळतं. इथंच मुली फसतात. चवीला हलकं, पण सहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, बिअरपेक्षा थोडं जास्तच. तू हाकेला उठ, रांगेत उभी राहा, गप्पा मार, आणि हवं तर ग्लासात फक्त ओठ ओले होण्यापुरतं घे. कुणी मोजत नाही. मजा सगळ्यांबरोबर उठण्यात आणि परत ताटावर येण्यात आहे, किती प्यायलं यात नाही. एखादी हाक सोडून दिलीस तरी चालतं. "घे ना अजून" म्हणून मागे लागणारा कुणी असलाच तर तो तुमच्यातलाच असेल, त्या घरचा नसेल.

जेवण ठरलेलंच असतं, मेनूकार्ड शोधत बसू नकोस. खारवलेल्या कॉड माशाचं ऑम्लेट, मग तोच मासा तळलेल्या हिरव्या मिरच्यांबरोबर (तिखट नसतात), मग चुलेता. काही ठिकाणी सुरुवातीला चोरिसोही देतात, ते डुकराचं. चुलेता म्हणजे गायीच्या बरगडीचा जाडजूड तुकडा, बाहेरून करपवलेला आणि आत लालभडक. तू खात नाहीस, खाऊही नकोस. त्यासाठी भाषण देऊ नकोस आणि ओशाळूही नकोस. बुकिंग करतानाच सांगायला लावायचं, म्हणजे तुझ्यासाठी मासा जास्त येईल किंवा भाज्यांचं काहीतरी करून देतील. पदार्थ टेबलाच्या मध्ये येतात आणि ज्यानं त्यानं घ्यायचं असतं, तेव्हा तुझ्या पानात काय नाही याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण तुझी ती शाकाहारी मैत्रीण यायची असेल तर तिला आधीच स्पष्ट सांग. तिच्यासाठी वेगळं करतात का हे विचारल्याशिवाय तिला नेऊ नकोस. पाव आणि अक्रोड खाऊन ती घरी येईल आणि चार दिवस तुझ्याशी बोलणार नाही.

शेवटी इदियासाबाल चीज येतं, मेंढीच्या दुधाचं. त्याबरोबर क्विन्स फळाची घट्ट वडी, गोव्याच्या पेराडाची चुलतबहीण शोभेल अशी, आणि कवचासकट अक्रोड. यासाठी पोटात जागा ठेव. मला अख्ख्या जेवणात हेच सगळ्यात आवडतं. सगळं मिळून माणशी चाळीस युरोच्या आगेमागे पडतात. तुला महाग वाटेल, पण त्या दिवशी दुसरं जेवण लागणार नाही.

शनिवारी रात्री मात्र जायचं नाही, हे माझ्यासाठी कर. लग्नाआधीच्या पार्ट्यांची टोळकी येतात, पिंपांच्या खोलीत ढकलाढकली होते, अंगावर निम्मं सायडर सांडतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी गाव आपलं आपलं जेवत असतं. शक्य झालं तर जुन्या वळणाचं, साधं घर निवडा. काही ठिकाणी अजूनही उभ्यानंच जेवतात. पाय दुखतात, पण गप्पा जास्त होतात. पिंपांची खोली गार असते आणि फरशी ओली चिकट, तेव्हा स्वेटर घाल आणि ते पांढरे बूट घरी ठेव.

दुपारी मोकळ्या असाल तर अस्तिगारागातलं सागारदोएचेआ हे सायडरचं संग्रहालय बघून मग जेवायला जा. वेगळा दिवस काढता आला तर पासाइयाला अल्बाओलाची गोदी बघ. सोळाव्या शतकात बास्क लोक देवमाशांच्या शिकारीला पार कॅनडाच्या किनाऱ्यापर्यंत जायचे आणि जहाजावर सायडरची पिंपं भरून न्यायचे. पाणी नासायचं, हे टिकायचं. त्या काळच्या जहाजाची प्रतिकृती तिथं जुन्या पद्धतीनं बांधली आहे. एस्कियोचं इगार्तुबेइती हे शेतघरही मला फार आवडलं. तिथं सफरचंद दाबायचं लाकडी यंत्र एवढं अजस्र आहे की घर त्याच्याभोवती उभारल्यासारखं वाटतं.

बाटली आणणार असशील तर 'एउस्काल सागारदोआ' अशी खूण बघून घे. सगळं सायडर इथल्याच सफरचंदांचं नसतं, बागा पुरत नाहीत म्हणून बाहेरूनही आणतात. ही खूण असली की फळ इथलंच.

आईला सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी "सफरचंदाचा आंबवलेला रस प्यायले" असं सांगितलं होतं. त्यात खोटं एक अक्षर नाही. तिनं विचारलं, "पोटाला बरा असतो का?" मी हो म्हटलं.

आता उद्या सकाळी मुलींना विचार, बुकिंग कुठल्या वारचं आहे आणि किती वाजताचं. शेवटची बस चुकली तर टेकडीवरून चालत यायचं नाही, परतीची टॅक्सी आत्ताच सांगून ठेवा. आणि मुलींपैकी कुणी गाडी आणते म्हणाली, तर ती फक्त चीज खाणार का, हे आधी विचार.