उतारशाळेतील दुसरा दिवस
(शास्त्रपाठ : लूक 10:25-37)

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. तथापि त्याच्या शेवटच्या भागाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. जखमा बांधून शोमरोनी थांबला नाही. त्याने त्या मनुष्यास उतारशाळेत नेले, त्याची शुश्रूषा केली, आणि दुसऱ्या दिवशी पुढील खर्चाचे पैसे देऊन आपण परत येऊ असे वचन दिले. पहिल्या दिवशी त्याला कळवळा आला. दुसऱ्या दिवशी त्याने जबाबदारी पत्करली. हा दुसरा दिवस आमच्या आजच्या धड्याचा विषय होय.

दारूपायी घरदार गमावलेल्या मनुष्याचा दुसरा दिवस किती लांब असतो, हे न्यूयॉर्क शहरातील एका सेवाकार्यावरून समजते. आयर्लंडात जन्मलेला जेरी मकॉली लहानपणी त्या शहरी आला व नदीवर चोऱ्या करू लागला. एकोणिसाव्या वर्षी त्यास सिंग सिंग येथील तुरुंगात पंधरा वर्षांची शिक्षा झाली. तेथे एका पश्चात्तापी मनुष्याची साक्ष ऐकून तो शास्त्र वाचू लागला व प्रभूस शरण गेला. 1864 साली माफी मिळून तो सुटला. परंतु बाहेर त्याला आधार नव्हता, आणि तो पुन्हा दारू व चोरी यांत पडला. प्रभूच्या सेवकांनी त्यास पुन्हा शोधले. तो उठला, पडला, आणि पुन्हा उचलला गेला.

1872 साली त्याने व त्याची पत्नी मारिया हिने वॉटर स्ट्रीट ह्या गुत्त्यांनी भरलेल्या रस्त्यावर एक घर उघडले. तेथे दररोज रात्री सभा भरे, आणि जो येई त्याचा पूर्वेतिहास न विचारता त्यास जवळ केले जाई. 1882 साली मकॉलीने शहरात दुसरे सेवागृह काढले. त्याच वर्षी सॅम्युएल हॅडली नावाचा मद्यपी तेथे आला व सावरला. मकॉली 1884 साली निवर्तला. पुढे 1886 पासून 1906 साली मरण येईपर्यंत ह्याच हॅडलीने वॉटर स्ट्रीटचे काम चालविले. एके काळचा जखमी मनुष्य उतारशाळेचा रक्षक झाला! 1879 साली सुरू झालेल्या बावरी मिशनशी हे कार्य 2017 साली जोडले गेले.

ह्यावरून आम्ही काय शिकावे? आमच्या गावांत एखादा बंधू रविवारी दारू सोडण्याची शपथ घेतो आणि बाजारच्या दिवशी मोडतो. मग आम्ही म्हणतो, “ह्याचे मन खोटे.” परंतु व्यसन हे पाप तसेच रोगही आहे. पुष्कळ वर्षे पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली तर त्यास कंप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो, व प्रसंगी जीवही जातो. म्हणून अशा मनुष्यास केवळ उपदेश करून घरी न पाठविता प्रथम दवाखान्यात न्यावे. मग बाजारच्या दिवशी त्याच्या सोबतीस कोणी तरी जावे. त्यास काम मिळवून द्यावे. जो स्वतः त्या खड्ड्यातून निघाला आहे, त्यास त्याच्या शेजारी बसवावे. कारण त्याच्या शब्दास जे वजन आहे, ते आमच्या उपदेशास नाही.

येथे एक गोष्ट विसरू नये. त्या मनुष्याच्या घरी मार खाणारी पत्नी व उपाशी मुले असतात. पतीस क्षमा करावी म्हणून पत्नीस पुन्हा माराच्या तोंडी देणे ही ख्रिस्ती प्रीती नव्हे. तिचेही रक्षण करणे हे मंडळीचे कर्तव्य आहे. दोघांच्याही जखमा बांधावयाच्या आहेत.

उपदेशक बंधूंनो, सात वेळा नव्हे तर सत्तर पट सात वेळा क्षमा करण्यास प्रभूने पेत्रास सांगितले. पडलेल्यास आठव्या वेळी दार लावणारी मंडळी उतारशाळा राहत नाही.

वर्गात विचारण्याचे प्रश्न :
1. शोमरोन्याने दुसऱ्या दिवशी कोणत्या दोन गोष्टी केल्या?
2. तुरुंगातून सुटल्यावर मकॉली पुन्हा का पडला?
3. आपल्या मंडळीतून नाव निघाले अशा कोणत्या घरी ह्या आठवड्यात आपण जाणार? आणि पुढील आठवड्यात परत कोण जाईल?