टाकी हलवली आणि टँग आजारी पडला

प्रश्न : घर बदलताना खाऱ्या पाण्याची टाकी हलवली. चार दिवसांपासून आमचा निळा टँग खात नाही, धापा टाकतो, अंगावर पांढरे ठिपके आहेत. कोणते औषध घालू?

उत्तर : औषधाआधी अमोनिया तपासा. टाकी हलवताना वाळू ढवळली जाते, फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू मरतात आणि अमोनिया वाढतो. तो शून्यच हवा. दिसला तर आजच पाव टाकी पाणी बदला, क्षारता आणि तापमान जुळवूनच. अमोनियानेही मासा धापा टाकतो, पण ठिपके त्याने येत नाहीत.

आता टॉर्च तिरका धरून बघा. मिठाच्या कणांएवढे, मोजता येणारे ठिपके म्हणजे बहुधा सागरी इक हा परजीवीचा आजार. टँगला तो चटकन होतो. बारीक धुरळा बसल्यासारखा दिसत असेल, मासा उजेड टाळून पंपाच्या प्रवाहात थांबत असेल, तर वेल्व्हेट हा दुसरा परजीवीचा आजार समजा. त्यात मासा दोन-तीन दिवसांतही दगावतो, वाट पाहू नका.

इकचे ठिपके मधेच नाहीसे होतात आणि पुष्कळजण तिथेच फसतात. परजीवी मासा सोडून तळाशी कोशात जातो आणि अनेक पटींनी वाढून परततो.

दोन्हींवर तांब्याचे औषध चालते. मात्र वेगळ्या टाकीत, वाळू-दगडांविना, मात्रा टेस्ट किटने रोज मोजून. मुख्य टाकीत ते घातले तर प्रवाळ आणि कोळंब्या मरतील. बाकीचे मासेही निरोगी दिसले तरी त्याच वेगळ्या टाकीत हलवा आणि मुख्य टाकी किमान ११ आठवडे माशांविना ठेवा.